भिंत फोडण्याआधी

नव्या घराचा गिलावा वाळतो, रंग कोणता द्यायचा यावर घरात चर्चा सुरू होते आणि तेवढ्यात प्लंबर छन्नी-हातोडा घेऊन हजर होतो. नळ न्यायला जागाच ठेवलेली नसते. मग भिंत फुटते, पुन्हा भरली जाते आणि तो ठिगळासारखा पट्टा वर्षानुवर्षं दिसत राहतो. घरात हे निभावून जातं, कारण फुटते ती विटांची भिंत. पण रुग्णालयासारख्या मोठ्या इमारतीत नळाच्या वाटेत काँक्रीटचा बीम आला तर? तिथे ड्रिल चालवलं की आतली सळई कापली जाण्याची भीती असते.

म्हणून मोठ्या इमारती आता आधी संगणकात बांधतात. कॉलम-बीम, एसीचे डक्ट, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, विजेचे केबल ट्रे, आगीसाठीचे स्प्रिंकलर, प्रत्येकाची टीम आपापलं थ्रीडी मॉडेल तयार करते. ही सगळी मॉडेल एकत्र आणून कोण कोणाच्या वाटेत येतंय ते शोधणं म्हणजे क्लॅश डिटेक्शन. यासाठी नॅव्हिसवर्क्स हे सॉफ्टवेअर बरंच वापरलं जातं. ते मूळचं इंग्लंडमधल्या शेफील्डचं. २००७ मध्ये ते ऑटोडेस्क कंपनीने विकत घेतलं.

संगणक हे शोधतो कसं? मॉडेलमध्ये १०,००० वस्तू असतील, तर तपासायच्या जोड्या होतात सुमारे ५ कोटी. प्रत्येक जोडी बारकाईने तपासायची तर फार वेळ जाईल. म्हणून अशा प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वस्तूभोवती आधी एक काल्पनिक खोका कल्पतात. दोन खोके एकमेकांना शिवतच नसतील, तर आतल्या वस्तूही शिवणार नाहीत. बहुतेक जोड्या इथेच गळतात. उरलेल्यांचे खरे आकार मग नीट तपासले जातात.

टक्करही एका प्रकारची नसते. पाइप सरळ बीममध्ये घुसला, तर ती ‘हार्ड’ टक्कर. पाइप लागत नाही, पण व्हॉल्व्ह फिरवायला हात जाणार नाही, तर ती ‘क्लिअरन्स’ची टक्कर. एकच वस्तू दोनदा काढली गेली असेल, तर ती ‘डुप्लिकेट’.

यादी तयार झाली की खरं काम सुरू होतं: हटायचं कोणी? इथे वजन कामाच्या स्वभावाला असतं. सांडपाण्याचा पाइप उतारावरच चालतो. ८० ला १ असा उतार धरला, तर ८ मीटरमध्ये तो १०० मिलिमीटर खाली येतो. त्याला मध्येच वर उचलता येत नाही. केबल ट्रे किंवा लहान स्प्रिंकलर पाइप मात्र वळसा घेऊ शकतो. म्हणून बीम आणि उताराचा पाइप यांना आधी मान, बाकीच्यांनी जरा सरकून घ्यायचं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

या कामाने मला एक धडा दिला. हैदराबादच्या एका प्रकल्पात तपासणीचे नियम मी लिहिले होते. एका आठवड्यात एका मजल्याच्या ड्रेनेजचा रिपोर्ट आला: टकरा शून्य. मी खूश होऊन तो पुढे पाठवला. दोन दिवसांनी साइटवरच्या इंजिनीअरचा फोन आला. स्लॅब ओतायला आठवडाही उरला नव्हता आणि पाइपसाठी बीममध्ये आधीच सोडायच्या स्लीव्हचा ड्रॉइंगमध्ये पत्ता नव्हता. पाइप मग जाणार कुठून, असं तो विचारत होता.

मी नियम उघडून पाहिला. ड्रेनेजच्या टीमने नव्या फाइलमध्ये पाइपच्या गटाचं नाव बदललं होतं. माझा नियम जुन्याच नावाने शोधत होता. त्याला एकही पाइप सापडला नाही, म्हणून टक्करही सापडली नाही. नाव दुरुस्त करून तपासणी पुन्हा चालवली, तर बीममधून जाणारे पाइप ओळीने लाल झाले. स्ट्रक्चरच्या इंजिनीअरने काही ठिकाणी स्लीव्हला मंजुरी दिली, काही पाइपांची वाट बदलली आणि स्लॅब चार दिवस उशिरा पडला. त्या एका फोनमुळे हे काम पडद्यावर निभावलं. तो आला नसता, तर ड्रिल त्या बीमवर चाललं असतं.

तेव्हापासून माझा प्रोग्रॅम टकरांच्या आधी एक वेगळा आकडा दाखवतो: दोन्ही बाजूंच्या किती वस्तू तपासल्या. एकीकडे शून्य असेल, तर रिपोर्ट पुढे जातच नाही. आणि स्लॅबच्या आधी मी साइटवर स्वतः फोन करून विचारतो, ‘तुमच्या डोळ्यांना काही खटकतंय का?’

तुमच्या घराचं काम निघालं, तर एवढा खर्चिक प्रोग्रॅम लागणार नाही. गिलाव्याच्या आधी प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि गवंडी यांना एकाच वेळी बोलवा, चहा द्या आणि कोणाचा पाइप कुठून जाणार ते खडूने भिंतीवर आखून घ्या. बऱ्याच टकरा तिथेच सापडतील.