कॉटलिन भाषेचे अध्यापन : संक्षेप आणि सुरक्षितता

अँड्रॉइड मोबाईलवरील ॲप तयार करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कॉटलिन या भाषेच्या एका वैशिष्ट्याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. जेटब्रेन्स या कंपनीने २०११ मध्ये ही भाषा जाहीर केली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१६ मध्ये आली. जावाप्रमाणेच कॉटलिन हेही एका बेटाचे नाव होय. हे बेट सेंट पीटर्सबर्गजवळ आहे. गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता व २०१९ मध्ये अग्रक्रम दिला.

कॉटलिनची ओळख बहुधा तिच्या संक्षेपावरून करून दिली जाते. विद्यार्थ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक साठविणारा क्लास जावात पारंपरिक पद्धतीने लिहिताना कन्स्ट्रक्टर, मूल्ये वाचण्याच्या व तुलनेच्या मेथड असा बराच पसारा होतो. कॉटलिनमध्ये तेच एका ओळीत मावते. (जावातही पुढे 'रेकॉर्ड'ची सोय झाली, हे नमूद करणे न्यायाचे ठरेल.)

तथापि अध्यापकाच्या दृष्टीने या भाषेचे मर्म 'नल'च्या हाताळणीत आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. नल म्हणजे मूल्याच्या जागी काहीच नसणे. टोनी होर यांनी १९६५ मध्ये ही कल्पना अल्गोल डब्ल्यू भाषेत आणली आणि २००९ मध्ये तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. विद्यार्थ्याने दूरध्वनी क्रमांक दिलाच नसेल, तर जावात ही उणीव बहुधा प्रोग्राम चालू असताना उघड होते आणि ॲप वापरणाऱ्याच्या हातात बंद पडते. कॉटलिनमध्ये 'स्ट्रिंग' प्रकारच्या चलात नल ठेवताच येत नाही. ठेवावयाचा असल्यास प्रकारापुढे प्रश्नचिन्ह द्यावे लागते. त्यानंतर ते मूल्य वापरताना, नल आढळल्यास काय करावयाचे, याची तजवीज कंपायलर आधीच मागतो.

येथेच पळवाटही आहे. चलापुढे दोन उद्गारचिन्हे दिली की 'येथे नल नाही, ही हमी माझी' असे कंपायलरला सांगितले जाते. प्रात्यक्षिकात लाल रेघ दिसताच ही चिन्हे टाकून मोकळे होणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात; हमी खोटी ठरली की ॲप पूर्वीसारखेच बंद पडते. शिवाय जावात लिहिलेल्या जुन्या कोडकडून येणाऱ्या मूल्यांविषयी कंपायलर पुष्कळदा काहीच सांगू शकत नाही, आणि असा कोड अद्याप विपुल आहे. त्यामुळे प्रारंभ कॉटलिनने करण्यास हरकत नसली, तरी जावा वाचता येणे अभ्यासक्रमातून वगळू नये.

प्रात्यक्षिकाची वही तपासताना अशा प्रत्येक जोड-उद्गारचिन्हाशेजारी हमीचे कारण लिहावयास मी सांगते. बहुतेक वेळा कारण सापडत नाही, आणि चिन्हे खोडली जातात.