फोर-बाय-फोर आहे, मग चेन कशाला?

कॅलिफोर्नियात आय-80 महामार्ग सिएरा नेवाडा ओलांडतो तो डॉनर घाटात, 7,239 फुटांवर. हिवाळ्यात तिथे चाकांना चेन लावण्याचा हुकूम निघाला, की पिकअप ट्रकमागे ट्रेलर जोडून आलेल्यांकडून हमखास ऐकू येतं : ‘गाडी फोर-बाय-फोर आहे, शिवाय साडेतीन टनांची. चेन कशाला?’

वजनाने पकड वाढते, हे खरं. पण ते वजन इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्यावर पडायला हवं. साध्या हूकवर ओढलेल्या ट्रेलरचं जेमतेम 10 ते 15 टक्के वजन ट्रकवर येतं. हिशेबच मांडू. ट्रक साडेतीन टन, ट्रेलर सहा टन. त्याचा दहावा हिस्सा धरून ट्रकच्या चाकांवर 4,100 किलो. गुळगुळीत बर्फावर घर्षणांक 0.1 धरला, तर पकड 410 किलो. सहा टक्के चढावर साडेनऊ टन ओढायला लागतात 570. चारही चाकं गरगर फिरतील, गाडी चढणार नाही.

उतारावर तर फोर-बाय-फोरचं कौतुक पुरतं संपतं. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात! ट्रकचा वेग कमी झाला आणि ट्रेलरची चाकं घसरली, की ट्रेलर बाजूने पुढे रेटतो आणि दोन्ही अडकित्त्यासारखे मिटतात. म्हणून राज्याचा वाहतूक विभाग, कॅलट्रान्स, ब्रेकवाल्या ट्रेलरच्याही किमान एका आसाला चेन लावायला सांगतो. ‘ट्रकला लावली, पुरे’ हा समज इथेच निकालात निघतो.

‘पण चेनच्या हुकुमाच्या दुसऱ्या पायरीत, आर-2 मध्ये, फोर-बाय-फोरला सूट आहे ना?’ आहे, पण मागे ट्रेलर नसेल आणि चारही टायर बर्फाचे असतील तरच, आणि तेव्हाही चेन गाडीत हवीच. सर्वांत कडक हुकूम, आर-3, लागला की सूट कुणालाच नाही. अर्धाच नियम ऐकून घाटात शिरलेला एक ट्रक आडवा झाला, तर मागची सगळी रांग थंडीत कुडकुडत बसते.

चेन बसेना म्हणून टायरची हवा काढू नये. ‘अडकलो की लावू’ हेही चुकीचं : रुतलेल्या चाकाखालून चेन ओवता येत नाही. लावल्यावर थोडं अंतर जाऊन पुन्हा ताणावी. सुटलेली कडी ब्रेकची नळी तोडू शकते. वेग ताशी 25-30 मैलच.

आणि ‘चेन तिथेच विकत घेऊ’? रस्त्याकडेला परवानाधारक चेन लावणारे उभे असतात, पैसे घेऊन लावून देतात. चेन विकायची किंवा भाड्याने द्यायची त्यांना परवानगी नाही.