राणीछाप रुपया कसा पारखावा?

आजीच्या गाडग्यात एखादा राणीछाप रुपया निघतो. सराफ तो वजनावर घेतो. वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. पण जुनी नाणी जमवणारे लोक दर्जाही पाहतात. दर्जा चांगला असला तर ते चांदीपेक्षा जास्त पैसे देतात.

दर्जा म्हणजे नाणं किती झिजलं, ते. रुपया उन्हात थोडा तिरका धरा. उंच भाग आधी झिजतो. म्हणून राणीचा गाल, केस, मुकुट नि अंगावरची नक्षी बघा. केसांच्या रेघा सुट्या दिसल्या तर नाणं चांगलं. सगळं गुळगुळीत झालं असेल तर हलकं.

नुसत्या सालावर जाऊ नका. १८६२ साल घातलेले रुपये पुढं कित्येक वर्षं पाडले. ते पुष्कळ सापडतात.

आणि चिंचेनं, राखेनं घासू नका बरं का! काळपटपणा हा दोष नव्हे. घासलं की चकाकी येते, पण बारीक ओरखडे उठतात. जाणता माणूस ते लगेच ओळखतो, नि भाव पाडतो. माळेसाठी कडी डागलेली असली तरी तेच. नाणं कडेनं धरा, आणि विकण्याआधी दोन ठिकाणी दाखवा.