महत्त्वाकांक्षी स्त्री (गुन्हेगारीपट)

महत्त्वाकांक्षी स्त्री ही गुन्हेगारीपटांतील एक ठरीव व्यक्तिरेखा आहे. पैसा, व्यवसाय वा स्वातंत्र्य मिळवू पाहणारी ही स्त्री कथेच्या ओघात गुन्ह्यात गुंतते आणि अखेरीस तिला शिक्षा होते किंवा ती पुन्हा घराच्या चौकटीत परतते. १९४० च्या दशकातील हॉलिवूडपटांत ही व्यक्तिरेखा पक्की झाली. हिंदी चित्रपटात ती प्रामुख्याने 'खलनायिका' म्हणून आली. सोलापूरच्या शशिकला यांनी 'गुमराह' (१९६३) मध्ये साकारलेली लीला हे तिचे एक लक्षणीय उदाहरण आहे.

हॉलिवूडमधील स्वरूप

बिली वाइल्डर दिग्दर्शित 'डबल इंडेम्निटी' (१९४४) या चित्रपटातील फिलिस विम्याच्या रकमेसाठी विमा प्रतिनिधीच्या मदतीने पतीचा खून घडवून आणते. ही भूमिका बार्बरा स्टॅनविक यांनी केली होती. 'द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस' (१९४६) मधील कोराला रस्त्याकाठचे खाणावळवजा हॉटेल भरभराटीला आणायचे असते. त्या वाटेवर तीही पतीच्या खुनात सहभागी होते. दोघींचाही अंत मृत्यूत होतो.

हे दोन्ही चित्रपट जेम्स केन यांच्या साहित्यकृतींवर आधारलेले आहेत. केन यांच्याच 'मिल्ड्रेड पिअर्स' (१९४१) या कादंबरीत मात्र खून नाही. पतीपासून वेगळी झालेली, हॉटेलात वाढपीण म्हणून राबून पुढे उपाहारगृहांची मालकीण होणारी स्त्री, एवढाच तिचा विषय आहे. १९४५ च्या चित्रपटात मिल्ड्रेडच्या दुसऱ्या पतीचा खून नव्याने घालण्यात आला आणि सारी कथा पोलीस चौकशीतून उलगडत नेण्यात आली. त्यामुळे स्वकष्टाने उभ्या राहिलेल्या स्त्रीकडे प्रेक्षक आरंभापासून संशयित म्हणून पाहतो. ती निर्दोष ठरते. पण तोवर व्यवसाय हातचा गेलेला असतो आणि ती पहिल्या पतीबरोबर बाहेर पडते. या भूमिकेसाठी जोन क्रॉफर्ड यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला.

शेवट असे एकसारखे असण्यामागे अमेरिकी चित्रपटसृष्टीची निर्मितीसंहिता हे एक महत्त्वाचे कारण होते. ही संहिता १९३० मध्ये स्वीकारण्यात आली आणि १९३४ पासून काटेकोरपणे राबवली गेली. गुन्हा आकर्षक वा सहानुभूतीस पात्र दिसू नये, हे तिचे प्रमुख सूत्र होते. १९६८ मध्ये तिची जागा वर्गीकरण पद्धतीने घेतली.

'गुमराह' मधील लीला

बी. आर. चोप्रा दिग्दर्शित 'गुमराह' मध्ये मीना (माला सिन्हा) ही विवाहित स्त्री पूर्वीच्या प्रियकराला (सुनील दत्त) गुपचूप भेटत असते. लीला तिला गाठते, आपण त्याची पत्नी असल्याचे सांगते आणि गुपित फोडण्याची धमकी देत तिच्याकडून पैसे व दागिने उकळू लागते. निर्भय, हिशेबी आणि कोणाचाही आधार नसलेली अशी ही स्त्री हॉलिवूडच्या नायिकांची थेट नातलग वाटते.

अखेरीस उलगडा होतो, की लीला ही मीनाच्या पतीची (अशोककुमार) सचिव असून त्याच्याच सांगण्यावरून तिने हे नाटक केले. हा उलगडा संपूर्ण कथेचा अर्थ बदलतो. प्रेक्षकाला जी स्त्रीची धिटाई वाटत होती ती नोकरीतील आज्ञापालन ठरते. ना लाभ तिचा, ना योजना तिची. हॉलिवूडपट महत्त्वाकांक्षी स्त्रीला शिक्षा करतो. 'गुमराह' मध्ये ती महत्त्वाकांक्षा मुळात तिची नव्हतीच, असे दाखवले जाते. दुसऱ्या स्त्रीला घरात परत आणण्यासाठी पतीने वापरलेले ते साधन असते.

'आरती' (१९६२) आणि 'गुमराह' या चित्रपटांसाठी शशिकला यांना सलग दोन वर्षे सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

पडदा आणि वास्तव

शशिकला यांचा जन्म १९३२ मध्ये सोलापूर येथे झाला. वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर कुटुंब मुंबईत आले आणि लहान वयातच त्यांना घरकामे करून हातभार लावावा लागला. गायिका-अभिनेत्री नूरजहाँ यांच्यामुळे त्यांना 'झीनत' (१९४५) मधील कव्वालीत संधी मिळाली. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. २०२१ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

मूळच्या येवल्याच्या ललिता पवार यांनी तरुणपणी नायिकेच्या भूमिकांबरोबर चित्रपटनिर्मितीही केली. १९४२ मध्ये चित्रीकरणाच्या वेळी बसलेल्या थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्यावर आणि डाव्या डोळ्यावर कायमचा परिणाम झाला. त्यानंतर त्या चरित्रभूमिकांकडे वळल्या आणि खाष्ट सासू म्हणून घराघरांत ओळखल्या गेल्या.

पडद्यावर स्त्रीची महत्त्वाकांक्षा दोष म्हणून रंगवली जात असताना त्याच भूमिकांच्या बळावर या अभिनेत्रींनी स्वतःचे स्थान उभारले. त्यामुळे या व्यक्तिरेखेचा अभ्यास करताना 'तिने काय केले?' या प्रश्नाइतकाच 'तिचा शेवट कोणी ठरवला?' हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.