फिटिंग फ्री

पुण्यात नाना पेठेतल्या गाड्यांच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांवर ‘फिटिंग फ्री’ असं लिहिलेलं असतं. सीट कव्हर घ्या, फिटिंग फ्री. फॉग लॅम्प घ्या, फिटिंग फ्री. बंपर सैल करायचा, डॅशबोर्डचं अर्धं तोंड उघडायचं, इंजिनामागच्या पत्र्यातून वायर आत ओढायची, आणि हे सगळं फुकट? भाच्यानं गाडीचं बेस मॉडेल घेतलं आणि वाचलेल्या पैशांत बाजारातून त्याचं टॉप मॉडेल करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मीही त्याच्याबरोबर निघालो. त्याला दिवे हवे होते. मला ते फुकट कसं परवडतं ते बघायचं होतं.

दुकान म्हणजे एक गाळा. गिऱ्हाईक आत, गाडी रस्त्यावर. काम रस्त्यावरच चालतं. मागून टेम्पो हॉर्न मारतो, फिटर पाय आत घेतो आणि पुन्हा बंपरखाली शिरतो. आमच्या वाट्याला आलेला फिटर विशी-बाविशीचा होता. खिशात स्क्रू-ड्रायव्हर, गळ्यात टेस्ट लॅम्प, म्हणजे एक बल्ब, दोन वायरी आणि टोकाला एक चिमटा. बंपरच्या क्लिपा त्यानं जवळजवळ न बघता काढल्या. दिवे बसवले, रिले बॅटरीशेजारी आवळला.

मग त्यानं वायर तोंडात घातली.

पुढच्या दातांत धरली, मनगटाला एक झटका दिला आणि प्लॅस्टिकचं आवरण बाजूला थुंकलं. उघडं पडलेलं तांबं लखलखीत, एकही तार तुटलेली नाही. दुसरी वायर, पुन्हा तसंच. त्याच्या समोरच्या एका दाताला बारीकशी खाच पडलेली दिसली. वायर सोलायची पक्कड नाही का, असं मी विचारलं. ‘‘आहे ना. शेठच्या ड्रॉवरमध्ये. ती शोधेपर्यंत दुसरी गाडी येते, साहेब. दिवसाला 14 गाड्या होतात.’’

14 गाड्या. सकाळी दहा ते रात्री आठ धरले, जेवण वगळलं, तर एका गाडीला चाळीसेक मिनिटं येतात. त्यातच गिऱ्हाईकाशी बोलणं, गाडी लावणं, काढणं. पगार त्याला रोजावर मिळतो. जोड कसाही मारला तरी तेवढाच. दिव्यांच्या किमतीत फिटिंगचा खर्च दुकानदारानं धरलेलाच असतो, त्यात शंका नाही. पण बिलावर त्याची ओळ नसते, म्हणून त्या कामाबद्दल कोणी काही विचारत नाही. भाच्यानं दिव्यांच्या जोडीवर दोनशे रुपये कमी करून घेतले. ते कुठून कमी झाले असतील, हे मला त्या फिटरकडे बघताना कळत होतं.

दिवा पार्किंग लाइटबरोबरच लागावा म्हणून स्विचला त्या वायरीतून करंट द्यायचा होता. त्यासाठी कंपनीची वायर ब्लेडनं मधोमध खरवडली, उघड्या तांब्याला नवी वायर गुंडाळली, वर काळी टेप. टेप चांगली घट्ट गुंडाळली होती, हे सांगायला हवं. पण इंजिनापाशी टेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो, टेप सरकते, आणि पावसाळ्यात ओल त्या उघड्या तांब्यापर्यंत पोचते. जोड हिरवा पडतो. हे सगळं व्हायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर गाडी कुठे असेल आणि फिटर कुठे असेल!

एक गोष्ट मात्र त्यानं आपणहून सांगितली. डॅशबोर्डखाली हात घालता घालता पिवळ्या आवरणातल्या वायरी बाजूला सारल्या आणि म्हणाला, ‘‘पिवळ्याला हात नाही लावायचा. एअरबॅग.’’ त्या वायरींत टेस्ट लॅम्प खुपसला तर एअरबॅग तोंडावर फुटू शकते. हे त्याला कुठल्या वर्गात कोणी शिकवलेलं नव्हतं.

भाच्याला एवढ्यानं समाधान नव्हतं. मोठा हॉर्नही हवा होता, पण तो बसवायचा कोणी, यावर घरी वाद झाला आणि आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांनी ते काम आपल्याकडे ओढून घेतलं. काका एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. आधी त्यांनी फॉग लॅम्पचं वायरिंग बघितलं आणि तोंड वाकडं केलं. फ्यूज बॅटरीपासून बराच लांब, रिलेच्याही पलीकडे होता. ‘‘फ्यूज दिव्यासाठी नसतो रे, वायरीसाठी असतो,’’ ते भाच्याला म्हणाले. दोन दिवे 55 वॉटचे, म्हणजे 110 वॉट. 12 व्होल्टला भागलं की नऊ अँपिअरच्या वर जातं. पण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर पत्र्याला घासून सोलली, तर तिथून शेकडो अँपिअर वाहू शकतात आणि पुढचा फ्यूज शांत बसून राहतो. गाड्यांना लागणाऱ्या आगींच्या बातम्या वाचताना हा मधला तुकडा मला आता आठवतो.

काकांचा हॉर्न रविवारचा अख्खा दिवस खाऊन गेला. रिलेच्या पायांवर 30, 85, 86, 87 असे आकडे असतात : 30 ला बॅटरी, 87 ला हॉर्न, 85 आणि 86 मध्ये जुन्या हॉर्नची वायर आणि अर्थिंग. स्टिअरिंगवरच्या बटणातून मग फक्त रिलेपुरता करंट जातो. काकांनी रिले पाय खाली करून लावला, पाणी साचू नये म्हणून. हॉर्नचं तोंडही खाली. कंपनीची वायर कापली नाही. जुन्या हॉर्नचा कपलर जसाच्या तसा वापरला. प्रत्येक जोड दाबून, वर उष्णतेनं आवळणारी नळी. उत्तम काम. फक्त समोरची जाळी काढताना तीन क्लिपा तुटल्या, आणि तशाच मिळेपर्यंत भाचा आठवडाभर खडखडणारी जाळी घेऊन हिंडत होता. नाना पेठेत एकही तुटली नव्हती.

स्वतः करणाऱ्यांची जी ऐट असते ती मला थोडी खोटी वाटते, ती इथेच. काकांकडे चाळीस वर्षांचा हात होता, तरी प्लॅस्टिकच्या बाबतीत ते त्या पोराच्या जवळपासही नव्हते. ज्यांच्याकडे तो हातही नाही, ते व्हिडिओ बघून हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालतात. फिलामेंटच्या जागी प्रकाश येत नाही, झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. इंडिकेटरमध्ये घातला तर करंट कमी पडतो, गाडीला वाटतं बल्ब गेला, आणि इंडिकेटर दुप्पट वेगानं टिकटिकू लागतो. स्वतः केल्याचा आनंद असतोच. रस्त्यावर बाकीचेही असतात.

आणि कायद्याला दोघांत फरक दिसत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यातलं 182 अ हे कलम बदललं. नियमात न बसणारा बदल केलात तर दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बदलांबद्दलचं हे पोटकलम गाडीच्या मालकाला धरतं. पुढच्या लोखंडी बुलबारवर कारवाई करा असं केंद्रानं 2017 च्या डिसेंबरमध्ये राज्यांना कळवलं, दुकानांत तो त्यानंतरही टांगलेला दिसतो आणि फिटिंग अर्थातच फ्री असते.

रिव्हर्स कॅमेऱ्याची वेळ आली तेव्हा भाच्यानं माल नाना पेठेतून घेतला, पण फिटिंग नको म्हणाला. दुकानदार चकित झाला. मग त्या फिटरलाच सुट्टीच्या दिवशी घरी बोलावलं, मजुरी ठरवून. तो स्वतःची पिशवी घेऊन आला, आणि त्या पिशवीत वायर दाबायची पक्कड होती, आवळणाऱ्या नळ्या होत्या, कापडी टेप होती. मी बघतच राहिलो. ‘‘हे दुकानात का नाही वापरत?’’ ‘‘माझं आहे ना हे,’’ तो म्हणाला, ‘‘आणि तिथे 14 गाड्या.’’

डिकीच्या दारात जाणाऱ्या रबरी नळीतून वायर घालणं हे यातलं सगळ्यात चिवट काम. दार उघडमीट होताना वायर दरवेळी वाकते, म्हणून आत थोडी ढील ठेवावी लागते. ओढून बसवली तर वर्षभरात तुटते. पुढे स्टीरिओपर्यंतची वायर त्यानं छतातून न नेता दाराच्या उंबऱ्याखालून नेली, कारण वर पडदा एअरबॅग आहे. काका स्टूल टाकून शेजारी बसले होते. सुरुवातीला सूचना देत होते, मग विचारू लागले. सोलताना मात्र पक्कड हातात असूनही त्यानं वायर दातांतच धरली. काका कळवळले. ‘‘अरे, दात जातील!’’ तो नुसता हसला.

तीन तास लागले. त्यानं 800 रुपये सांगितले होते. भाचा सवयीनं 600 म्हणाला.

‘‘आठशे दे,’’ काका म्हणाले, ‘‘आणि त्याचा नंबर मलाही दे. माझ्या गाडीची जाळी बसवायची आहे.’’