तनख्यावरचे कारखाने

लेखांक सातवा

दशाश्वमेधावरून नावेने दक्षिणेस, केदारघाटाच्या रोखाने निघालेला महाराष्ट्रीय यात्रेकरू चौसट्टी आणि पांडेघाट मागे टाकून नारदघाटाच्या जवळ येतो, तेव्हा ज्या भक्कम दगडी पायऱ्यांसमोरून त्याची नाव जाते त्यांना नावाडी हल्ली राजाघाट म्हणतो. परंतु हा घाट अमृतराव पेशव्यांचा, आणि पुष्कळ काळ तो त्यांच्याच नावाने ओळखला जात असे. राघोबादादांनी दत्तक घेतलेल्या या कर्त्या पुरुषाने, वसईच्या तहाने पुण्याची गादी इंग्रजांच्या छायेखाली गेल्यावर, १८०३ साली आर्थर वेलस्लीशी स्वतंत्र करार केला, सालिना सात लाखांच्या तनख्यावर उत्तरेत वास्तव्य पत्करले, करवीस आपली बैठक घातली आणि काशीत हा घाट दगडाने बांधून काढून दानधर्माची व अन्नछत्राची व्यवस्था लावून दिली. पाथरवट, आचारी, याज्ञिक, कारकून, नावाडी अशा नाना तऱ्हेच्या माणसांची चूल त्या तनख्यावर पेटत होती. १८५३ साली चिरंजीव विनायकराव निवर्तले, कंपनी सरकारने तनखा बंद केला, आणि सत्तावन्नच्या धामधुमीनंतर करवीची दौलतही जप्त झाली.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखानदारीतील जो रोजगार परमुलखात गेला तो स्वदेशी आणावा की नाही, या प्रश्नाच्या चर्चेत अमृतरावांना ओढण्याचे कारण इतकेच की, सरकारी तिजोरीतून ठरावीक मुदतीचा पैसा देऊन एखाद्या स्थळी रोजगार उत्पन्न करणे ही युक्ती आजची नव्हे, आणि मुदत सरल्यावर मागे काय राहते हे तपासण्याची सोय जुन्या उदाहरणांतच अधिक असते.

गेल्या लेखांकात आपण अमेरिकेतील वादाचे स्वरूप पाहिले. आयफोन अमेरिकेत तयार करावयाचा तर काय करावे लागेल, असे २०११ साली एका मेजवानीत अध्यक्ष ओबामांनी विचारले असता स्टीव्ह जॉब्स यांनी, त्या नोकऱ्या आता परत यावयाच्या नाहीत, अशा अर्थाचे रोखठोक उत्तर दिल्याचे वृत्त पुढे प्रसिद्ध झाले. तरीही प्रयत्न झाले. टेक्सासमधील ऑस्टिन येथे ॲपलने आपला मॅक प्रो संगणक जोडावयास घेतला, तेव्हा स्थानिक कारखानदाराला दिवसाला फार तर एक हजार विशेष मापाचे स्क्रू पुरवता येत होते, आणि एवढ्याशा स्क्रूपायी विक्रीस महिनोन्महिने विलंब लागून अखेर ते चीनमधून मागवावे लागले. विस्कॉन्सिन राज्यात फॉक्सकॉनने २०१७ साली १० अब्ज डॉलरांची गुंतवणूक आणि १३,००० नोकऱ्या यांचे अभिवचन दिले. २०२१ च्या सुधारित करारात ते आकडे ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्या एवढे उरले.

या अपयशांचे मूळ एका साध्या हिशेबात आहे. आशियाई विकास बँकेच्या संशोधनसंस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तत्कालीन आयफोनचा उत्पादनखर्च १७८.९६ डॉलर होता आणि त्यापैकी चीनमध्ये होणाऱ्या जोडणीच्या वाट्याला साडेसहा डॉलर येत होते. बाकीची रक्कम जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांतल्या सुट्या भागांच्या कारखानदारांकडे जात होती. म्हणजे ज्या कामासाठी राज्ये एकमेकांशी चढाओढ करतात, जमिनी फुकापासरी देतात आणि करमाफीची फर्माने काढतात, ते काम त्या वस्तूच्या मूल्यातील शेकडा चार हिश्शापलीकडे फारसे जात नव्हते. मात्र या चार टक्क्यांच्या कामालाच सर्वांत अधिक माणसे लागतात, हे ध्यानात घेतले नाही तर राज्यकर्त्यांच्या वागण्याचा उलगडा होत नाही. सर्किट बोर्डावर डाखाचा लेप देणे, तांदळाच्या कणीहून बारीक भाग यंत्राने त्यावर बसविणे आणि भट्टीतून काढून ते पक्के करणे, इतके काम बहुतांशी यंत्रेच करतात. पण नंतर कॅमेऱ्याची फीत खोबणीत दाबून बसवावयास, स्क्रू आवळावयास आणि काचेवरील पापुद्रा सोलावयास बोटे लागतात, आणि ती बहुधा विशीतील मुलींची असतात.

आपल्याकडेही या चढाओढीचा खेळ पुरेसा रंगला आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये फॉक्सकॉनने महाराष्ट्र शासनाशी ५ अब्ज डॉलरांचा सामंजस्य करार केला, त्याचे ढोल वाजले, आणि पुढे तो कागदावरच राहिला. २०२२ च्या सप्टेंबरात वेदान्त व फॉक्सकॉन यांचा अर्धसंवाहकांचा संकल्पित कारखाना तळेगावऐवजी गुजरातेत धोलेऱ्यास जाणार असे जाहीर होताच महाराष्ट्रात जो गदारोळ उठला तो वाचकांच्या स्मरणात असेल. परंतु पुढच्याच वर्षी, जुलैमध्ये, फॉक्सकॉनने त्या योजनेतून अंग काढून घेतले, आणि ज्या कारखान्याची एक वीटही रचली गेली नव्हती त्याच्या वारसाहक्कावरून दोन शेजारी भांडले एवढेच निष्पन्न झाले.

याहून बोधप्रद प्रकरण मुंबईचे आहे. १९७३ साली अंधेरीस सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच आपणा सर्वांच्या तोंडी असलेले सीप्झ, सुरू झाले. कांडल्याचे क्षेत्र त्याआधी आठ वर्षे स्थापन झाले होते, परंतु केवळ इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी राखलेले असे हे आपल्या देशातील पहिलेच क्षेत्र. पाश्चात्त्य कंपन्या त्या काळी स्वस्त व चपळ हातांच्या शोधात सिंगापूर, तैवान, हाँगकाँग येथे जात होत्या. त्या ओघाचा एखादा पाट मुंबईकडे वळवावा, हा त्यामागील हेतू. बाहेरचा कच्चा माल जकातीशिवाय आत यावा, तयार माल तसाच बाहेर जावा, आणि देशात विकावयाचा झाल्यास मात्र तो परदेशी माल समजून त्यावर जकात घ्यावी, अशी एकंदर योजना होती. रोजगार मिळाला यात शंका नाही; सूक्ष्मदर्शकाखाली मान मोडून डाख देणाऱ्या हजारो तरुणींच्या कमाईवर उपनगरांतल्या कित्येक बिऱ्हाडांचे घरभाडे भागले. परंतु त्या तटबंदीच्या आतला धंदा आणि बाहेरचा देश यांच्यामध्ये दळणवळण असे फारसे उत्पन्नच झाले नाही. ठाण्याच्या मर्फी रेडिओच्या किंवा पुण्याजवळच्या फिलिप्सच्या कारखान्याला भाग पुरविणाऱ्या कारागिराला सीप्झचा उपयोग नव्हता, आणि सीप्झला त्याचा नव्हता. पुढे १९८७-८८ च्या सुमारास तेथे जवाहिरांच्या धंद्यास प्रवेश मिळाला, आणि आज त्या क्षेत्राच्या निर्यातीत मोठा वाटा हिरेजडित दागिन्यांचा आहे. सरकारी नियमांत बसून आलेला धंदा निघून गेला, आणि त्याच नियमांत बसणारा दुसरा आला. जागा भरलेली राहिली म्हणून कोणी त्याचा शोक केला नाही.

आता पुन्हा काशीकडे वळू. अमृतराव घाटापासून नगराच्या नैऋत्य टोकास, मंडुवाडीहच्या बाजूला, १९६१ साली डिझेल एंजिनांचा रेल्वे कारखाना स्थापन झाला. हा इलेक्ट्रॉनिक धंदा नव्हे, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर जितके येथे सापडते तितके सीप्झमध्ये सापडत नाही. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावच्या अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनीशी, जिला सारे आल्को म्हणतात, तंत्रसाहाय्याचा करार होऊन प्रारंभीची एंजिने तिकडून आलेल्या सुट्या भागांतून येथे जोडण्यात आली, आणि १९६४ च्या जानेवारीत पहिले एंजिन बाहेर पडले. केवळ जोडणीचाच विचार केला तर हाही साडेसहा डॉलरांचाच मामला होता. परंतु येथे गिऱ्हाईक एकच, आणि तेही असे की ज्याला पुढील तीस वर्षे एंजिने लागणारच होती. त्यामुळे आज एक भाग, उद्या दुसरा, असे करीत ते काम देशात उतरले. जाड पोलादी पत्र्यांचा सोळा सिलिंडरांचा सांगाडा, जोडाचा प्रत्येक सांधा आडवा यावा म्हणून अजस्र फिरत्या चौकटीत उलटापालटा करून वेल्डिंग करणारे आणि मग त्यातील ताण घालविण्यासाठी तो भट्टीत शेकणारे कारागीर येथेच शिकले. २,६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२ जातीची अडीच हजारांहून अधिक एंजिने झाली. १९७६ साली टांझानियास निर्यातही झाली.

स्केनेक्टडीकडून पाहिले तर हीच हकीकत निराळी दिसते. आल्कोने १९६९ साली आपला कारखाना बंद केला, आणि पुढे दीर्घ काळ तिची एंजिने काशीत घडत राहिली; तेव्हा आमचा रोजगार हिंदुस्थानने नेला असे त्या गावातील एखाद्या लोहाराने म्हटले असते तर ते स्वाभाविकच ठरले असते. वस्तुस्थिती मात्र अशी की, त्याच गावची जनरल इलेक्ट्रिक कंपनी, जी आल्कोला विजेची सामग्री पुरवीत असे, तीच १९६० च्या सुमारास स्वतःची मोठी एंजिने घेऊन अमेरिकेच्या बाजारात उतरली होती. आल्कोचा घात घरच्यानेच केला; काशीने तिचा वारसा तेवढा उचलला. आणि गंमत अशी की, २०१५ साली त्याच जनरल इलेक्ट्रिकला बिहारातील मढौरा येथे एक हजार डिझेल एंजिनांचा मक्ता मिळाला.

काशीच्या यशाचे पोवाडे गाताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. स्पर्धा नाही, गिऱ्हाईक हक्काचे, अशा स्थितीत सुधारणेची निकड राहत नाही. पन्नासच्या दशकातील आराखडा नव्वदच्या दशकातही फारसा न बदलता चालू राहिला, आणि अखेर १९९५ साली जनरल मोटर्सशी नवा करार करून नवे तंत्र आणावे लागले. त्या नव्या एंजिनांतील विद्युत्प्रवाहाचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक सामग्री आधी सीमेन्ससारख्या परदेशी कंपन्यांकडून आली. पण रेल्वेची मागणी अखंड असल्यामुळे हैदराबादच्या मेधा कंपनीसारख्या देशी संस्थांनी ती विद्या हस्तगत केली, आणि आज अशी सामग्री त्याही पुरवतात. इलेक्ट्रॉनिक कारखानदारी देशात कशी उतरते, याचे हे दर्शनी उदाहरण मोबाइलच्या गलबल्यात कोणाच्या खिजगणतीत नसते.

मोबाइलला हा धडा जसाच्या तसा लावता येत नाही, हे उघड आहे. रेल्वे एंजिनाचा आराखडा तीस वर्षे चालतो, मोबाइलचा वर्षभरात शिळा होतो. आणि सरकार काही कोट्यवधी मोबाइल विकत घेणार नाही. म्हणून सरकारने दुसरा उपाय योजला. १९९७ च्या जागतिक करारानुसार संगणकादी तयार वस्तूंवरील जकात शून्यावर आली, सुट्या भागांवर मात्र ती अनेक ठिकाणी राहिली, आणि घरी बनविण्यापेक्षा बाहेरून आणणे स्वस्त पडू लागले. ती विकृती काही अंशी दुरुस्त करीत, २०२० च्या एप्रिलमध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहनाची योजना निघाली: वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के, पाच वर्षे, एकूण तरतूद ४०,९५१ कोटी रुपये. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४-१५ मध्ये मोबाइलचे उत्पादन सुमारे १९,००० कोटींचे होते, ते २०२३-२४ मध्ये चार लाख कोटींच्या पुढे गेले. विस्कॉन्सिनच्या मानाने हे यश दैदीप्यमान आहे, आणि केवळ जोडणीच तर आहे, असे म्हणून नाक मुरडणाऱ्या पंडितांनी कोलारजवळच्या नरसापुरास किंवा श्रीपेरुंबुदूरला पाळी सुटण्याच्या वेळी बसगाड्यांच्या रांगा पाहाव्यात. तथापि श्रीपेरुंबुदूरलाच नोकियाचा प्रचंड कारखाना २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये बंद पडला होता, हेही त्याच रस्त्यावर उभे राहून आठवावे लागते. माझे मत असे की, पाच वर्षांचा तनखा जोडणीला देणे हे आरंभापुरते क्षम्य होते. यापुढची दर पै, जो कारखानदार आपले भाग देशातील दुसऱ्या कारखानदाराकडून घेईल, त्याच्याच पदरात पडली पाहिजे.

सरकारलाही हे उमगले असावे. २०२५ च्या मार्चअखेरीस मंत्रिमंडळाने सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची स्वतंत्र योजना मंजूर केली असून तीत बहुपदरी सर्किट बोर्ड, कॅमेऱ्याचे संच, विद्युत्घट आणि ही सामग्री घडविणारी यंत्रेसुद्धा अंतर्भूत आहेत. पुढील लेखांकात त्यांपैकी सर्किट बोर्ड हा एकच पदार्थ घेऊन, त्यासाठी तांब्याचा पातळ पत्रा चढविलेले तक्ते कोठून येतात, रसायने व पाणी किती लागते, वापरलेले पाणी कोठे सोडावयाचे, आणि पुण्याजवळ रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्रात यातील कोणते काम होऊ शकेल, याचा विचार करू.