श्वासाची वाट (भाग ९) : नाकातलं छातीत उतरतं का?

घशात उतरणारा कफ रात्री झोपेत छातीत झिरपतो आणि त्यातूनच दमा जडतो, अशी समजूत घरोघरी आहे. "सर्दी छातीत उतरली" हे तर प्रत्येकाने आईच्या नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलेले असते. पण ही समजूत केवळ घरगुती नाही. सायनसमधला पू घशामागून थेंबथेंब श्वासनलिकेत जातो आणि फुप्फुसे चिडतात, असे विसाव्या शतकात कित्येक डॉक्टरही मानत होते आणि त्याच तर्काने दमेकऱ्यांचे सायनस धुऊन काढत होते. चित्र डोळ्यांपुढे चटकन उभे राहते, म्हणून ते टिकले.

त्याआधीचे चित्र याहून मजेशीर होते. सर्दीचे पाणी मेंदूतून गळते, असे युरोपात शतकानुशतके शिकवले जात होते. जर्मनीतल्या विटेनबर्गचे शरीरशास्त्रज्ञ कॉनराड व्हिक्टर श्नायडर यांनी १६६०च्या दशकात दाखवून दिले की, कवटीच्या तळातून पाणी खाली यायला तसा रस्ताच नाही. ते नाकाच्या अस्तरातच तयार होते.

छातीत झिरपण्याची गोष्ट १९९० साली तपासली गेली. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दमा आणि सायनसायटिस दोन्ही असलेले रुग्ण घेतले. त्यांच्या गालाच्या हाडामागच्या सायनसमध्ये थोडेसे किरणोत्सर्गी द्रव्य सोडले आणि ते कुठे कुठे जाते, हे चोवीस तास कॅमेऱ्यावर पाहिले. द्रव्य नाकामागच्या पोकळीत दिसले, अन्ननलिकेत दिसले, पुढे आतड्यांतही दिसले. फुप्फुसांत मात्र त्याचा मागमूस नव्हता. सायनसमधून येणारा कफ माणूस गिळून टाकतो, एवढाच त्याचा अर्थ.

मग नाक आणि छातीचा काही संबंधच नाही का? आहे, आणि चांगला घट्ट आहे. युरोपातल्या बारा देशांत पन्नास हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ पासून प्रसिद्ध झाले. नाक चोंदणे किंवा वाहणे, चेहऱ्यावर दाब, वास न येणे यांतली लक्षणे बारा आठवड्यांहून अधिक काळ असलेले लोक जवळपास ११ टक्के निघाले. जुनाट सायनसायटिसची व्याख्या साधारण हीच, फक्त दवाखान्यात तिला दुर्बिणीची किंवा सीटी स्कॅनची जोड लागते. या ११ टक्क्यांत दमा इतरांपेक्षा कितीतरी अधिक होता.

कफाच्या वाटेने नाही, तर कोणत्या वाटेने? नेदरलँड्समध्ये गेर्ट-यान ब्राउनस्टाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेले लोक निवडले. या लोकांना शिंका येत, नाक वाहे, पण दमा नव्हता. मोसम नसताना त्यांच्या फुप्फुसाच्या एका छोट्या भागात नळीवाटे परागकणांचा अर्क सोडला. नाकाला काहीही लावले नाही. दुसऱ्या दिवशी नाकाच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून पाहिला, तर तिथे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली! रक्तातही त्या वाढल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी उलटा प्रयोग केला. या वेळी अर्क नाकात सोडला आणि श्वासनलिका तपासल्या. तिथेही दाह सापडला.

म्हणजे एका ठिकाणी ठिणगी पडली की रासायनिक निरोप रक्तातून अस्थिमज्जेपर्यंत जातात, तिथून ताज्या इओसिनोफिल पेशी बाहेर पडतात आणि वर-खाली दोन्हीकडे पोचतात. निरोप्यांची नावे इंटरल्यूकिन-४, ५ आणि १३. या प्रकाराला डॉक्टर 'टाइप-२ दाह' म्हणतात.

इथून पुढे दमा असलेल्याचा सायनस आणि दमा नसलेल्याचा सायनस यांची फारकत सुरू होते. दोघांच्या केसपेपरवर निदान एकच लिहिलेले असते, हीच खरी अडचण.

दमा असलेल्याच्या नाकात दुर्बीण घातली तर बऱ्याचदा पॉलिप दिसतो. लोकांच्या भाषेत 'नाकात मांस वाढलंय'. फिकट, ओलसर, थोडासा पारदर्शक, सोललेल्या द्राक्षासारखा. डॉक्टर सळईने त्याला हळूच ढकलतात, तो हलतो, आणि रुग्णाला दुखत नाही. शेजारचा नाकाचा नैसर्गिक उंचवटा त्याच सळईने दाबला, तर रुग्ण कळवळतो. डोळ्याने फसगत होऊ शकते, म्हणून ही साधी परीक्षा मोलाची. या रुग्णांची मुख्य तक्रार डोकेदुखीची नसते. फोडणी जळली तरी कळत नाही, गॅस उघडा राहिला तरी कळत नाही, अशी असते. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत पॉलिपच्या एक तृतीयांश ते निम्म्या रुग्णांना दमा आढळतो, आणि तो पुष्कळदा लहानपणचा नसून तिशी-चाळिशीत सुरू झालेला असतो.

दमा नसलेल्यांमध्ये पॉलिप नसलेला प्रकार अधिक भेटतो. घट्ट पिवळा शेंबूड, गालात दाब. त्रास एकाच बाजूला असेल आणि नाकातून घाण वास येत असेल, तर वरच्या दाढेकडे बघायला हवे. तिची मुळे सायनसच्या तळाला अगदी खेटून असतात आणि किडलेल्या दाढेचा पू थेट वर चढतो. अशा माणसाला कितीही स्प्रे दिले तरी उपयोग नाही. त्याला दातांचा डॉक्टर हवा.

आणि ज्यांना नुसतेच डोके दुखते? अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आपल्याला 'सायनसची डोकेदुखी' आहे असे सांगणारे २,९९१ लोक तपासले. त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणे मायग्रेनची निघाली. अँटिबायोटिकचे किती कोर्स फुकट गेले असतील, याचा हिशेब न केलेलाच बरा.

ही विभागणी सगळीकडे इतकी स्वच्छ नाही, हेही सांगायला हवे. चीन, कोरिया, थायलंडमध्ये काढलेल्या पॉलिपमध्ये इओसिनोफिल युरोपच्या मानाने कमी आढळत आले आहेत. पॉलिप असूनही दमा नसलेली माणसेही पुष्कळ असतात.

दम्याच्या बाजूचे सर्वांत विलक्षण प्रकरण अ‍ॅस्पिरिनचे. फ्रेंच डॉक्टर फेर्नां विदाल यांनी १९२२ साली अशा रुग्णाची नोंद केली, ज्याच्या नाकात पॉलिप होते, ज्याला दमा होता आणि अ‍ॅस्पिरिन घेतले की जो गुदमरायचा. ती नोंद बरीच वर्षे धूळ खात पडली. १९६८ साली शिकागोच्या मॅक्स सॅम्टर आणि रोलंड बियर्स यांनी या तिघांची मोट बांधून सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून त्याला 'सॅम्टर ट्रायड' म्हणतात. विदाल यांचे नाव या आजाराला फ्रान्समध्ये तेवढे टिकले. प्रौढ दमेकऱ्यांत असे रुग्ण साधारण ७ टक्के असतात, तीव्र दमा असलेल्यांत त्याहून अधिक. ही नेहमीच्या अर्थाची अ‍ॅलर्जी नव्हे. गोळी शरीरातले एक एंझाइम बंद पाडते, त्याबरोबर दाहाला लगाम घालणारे रसायन कमी होते आणि श्वासनलिका आवळणारी ल्यूकोट्राइन बेसुमार सुटतात. त्यामुळे एकाच गोळीवर भागत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनीही तेच होते. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासापासून तीन तासांच्या आत नाक गळू लागते, डोळे लाल होतात, छाती भरते. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळी आणणाऱ्यांच्या देशात हे ठाऊक असायला हवे. यावरच्या उपायांपैकी एक म्हणजे रुग्णालयात देखरेखीखाली अगदी कणभर अ‍ॅस्पिरिनपासून सुरुवात करून मात्रा वाढवत नेणे आणि पुढे ते रोज चालू ठेवणे. घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

हा दाह मुळात पेटतो कशाने, याचा शोध मात्र अडखळत चालला आहे. १९९९ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकने जाहीर केले की, जुनाट सायनसायटिसच्या २१० रुग्णांपैकी २०२ जणांच्या शेंबडात बुरशी सापडली. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. पण त्याच अभ्यासात तपासलेल्या १४ निरोगी माणसांच्या नाकातही, झाडून सगळ्यांच्या, बुरशी होती. युरोपात ११६ रुग्णांची नाके तीन महिने बुरशीनाशकाने धुऊन पाहिली. २००६ साली आलेल्या निकालात नुसत्या द्रावणापेक्षा फरक पडला नव्हता. भारतात मात्र बुरशीच्या अ‍ॅलर्जीने होणारा सायनसचा एक वेगळा आजार खरोखरच आढळतो, विशेषतः उत्तरेत, आणि चंडीगडच्या पीजीआयमध्ये त्यावर पुष्कळ काम झाले आहे. २०२१ साली कोविडनंतर महाराष्ट्राने जी 'काळी बुरशी' पाहिली, तिच्याशी याची गल्लत करू नये. ती ऊतींत घुसून काही दिवसांत जीव घेऊ शकते. ही वर्षानुवर्षे चिकट कफात राहते.

उपचारांत पहिला मान मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला. योगातली जलनेती आज कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असते. अट एकच, पाणी उकळून गार केलेले हवे. २०११ साली अमेरिकेच्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघे मेंदूत शिरणाऱ्या अमीबाने दगावले होते. त्यानंतर स्टेरॉइडचा स्प्रे. तो बहुतेक जण चुकीचा मारतात. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न आदळता बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या रोखाने जातो. जोरात हुंगायचे नाही, नाहीतर औषध घशात.

नाकाचा स्प्रे नेमाने मारला की दमाही आटोक्यात येईल, ही आशा साहजिक होती. अमेरिकेत दमा आणि नाकाचा जुना आजार दोन्ही असलेल्या मुलांना व प्रौढांना चोवीस आठवडे मोमेटासोन या स्टेरॉइडचा स्प्रे देऊन पाहिला. २०१५ साली निकाल आला : दम्याचे नियंत्रण सुधारले नाही. ब्राउनस्टाल यांचा प्रयोग आठवला तर हे फारसे अनपेक्षित नाही. निरोप रक्तातून फिरत असेल, तर नाकात औषध शिंपडून छातीतली गडबड थांबणार कशी?

तो निरोप शरीरभर अडवणारे ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन दम्यासाठी आधीपासून होते. जून २०१९ मध्ये अमेरिकेत पॉलिपसाठीही मंजूर झाले. ते इंटरल्यूकिन-४ आणि १३ या दोघांची वाट रोखते. चाचण्यांत पॉलिप आकसले, वास परत आला, आणि ज्यांना दमा होता त्यांची फुप्फुसेही अधिक हवा घेऊ लागली. दमा नसलेल्या पॉलिपच्या रुग्णांनाही गुण आला. या चाचण्यांपैकी एकीत चोवीस आठवड्यांनी औषध बंद केले, आणि पुढच्या महिन्यांत पॉलिप पुन्हा वाढू लागले. दर दोन आठवड्यांनी घ्यायचे हे महागडे इंजेक्शन कोणाला द्यायचे, किती वर्षे, आणि शस्त्रक्रियेच्या आधी की नंतर, हे पुढच्या भागात.